नाना गायकरांचं थेट प्रक्षेपण

आमच्या सोसायटीत टीव्हीचा आवाज बंद झाला की लोक कानांत कापूस घालतात. कारण आवाज बंद करणारा माणूस एकच, आणि त्याने टीव्हीचा आवाज बंद केला याचा अर्थ आता तो स्वतःचा चालू करणार. नाना गायकर हॉकीची मॅच मुक्या टीव्हीवर बघतात आणि समालोचन स्वतः करतात. सातव्या मजल्यावरून, खिडकी सताड उघडी ठेवून, छापील मराठीत. हा आवाज पालेगावातून निघतो, अख्खं अंबरनाथ ओलांडतो आणि शहाडच्या पुलावर आपटून परत येतो. परत आलेल्या आवाजाला नाना "काय रे?" म्हणून ओ देतात, असं मी आजवर पुष्कळांना सांगितलंय. अजून कोणी मला खोटं पाडलेलं नाही.

आवाज बंद का, तर राष्ट्रीय वाहिनीच्या समालोचकांवर नानांचा राग आहे. साधासुधा नाही, सात पिढ्यांचा असावा तसा राग.

"पंजाबचा पोरगा नुस्ता शिंकला ना," नाना म्हणतात, "तरी त्याचं गाव, त्याचा आजा, आज्याची हीर, हिरीचं पानी गोड का खारट, सगलं सांगतील. आनि आपला पोरगा बॉल घेऊन सुटला की लगेच साबनाची जाहिरात! ती बाय आंघोल करून भाएर येते तवर आपला गोल होऊन गेलेला असतो. प्रांतवार बघा तुम्ही. प्रांतवार बघा, मंग कलेल!"

'प्रांतवार बघा' हे नानांचं पालुपद. ते कुठेही लागू होतं. मागच्या सत्यनारायणाला शिऱ्याचा द्रोण हातात येताच त्यांनी तो उजेडाकडे धरला आणि सगळ्यांदेखत जाहीर केलं, "काजू बघा. कोकणवाल्यांच्या द्रोणात किती आनि देशावरच्यांच्या द्रोणात किती. प्रांतवार बघा." आमचे सेक्रेटरी देशपांडे मूळचे सोलापूरचे. ते बिचारे आपल्या द्रोणात बोट घालून खरोखरच काजू शोधायला लागले. मग आरती बाजूला राहिली, आणि बायकांनी पातेलं पुन्हा मधे आणून शिरा नव्याने वाटला. सत्यनारायणाच्या इतिहासात प्रसादाची फेरतपासणी पहिल्यांदा आमच्याकडे झाली.

नाना मूळचे पालेगावचेच. आमची ए विंग जिथे उभी आहे तिथे त्यांचं भाताचं खाचर होतं. भात कापून झाला की गावची पोरं तिथे वाकड्या काठ्या घेऊन हॉकी खेळत. पुढे नाना कारखान्यात लागले आणि कारखान्याच्या टीमचे फुलबॅक झाले. त्यांनी एकदा फटकावलेला चेंडू मैदानात कोणालाच सापडला नाही. तो चेंडू दुसऱ्या दिवशी उल्हासनगरात जीन्सच्या गठ्ठ्यात मिळाला, आणि मिळाला म्हणजे काय, दुकानदाराने तोवर तो विकलाही होता. पुढे शेताचे टॉवर झाले तेव्हा नानांनी बिल्डरकडे सातवा मजलाच मागून घेतला. म्हणाले, "खालचं श्यात आमचं होतं. मंग वरचं आभाल कोनाचं?"

एका जागी बसणं हे नानांच्या प्रकृतीला मानवत नाही. मॅच चालू असताना ते खुर्चीभोवती, टेबलाभोवती, काकूंभोवती फेऱ्या घालतात. काकू म्हणजे त्यांची बायको. ती तांदूळ निवडत शांत बसलेली असते, आणि नाना पृथ्वीसारखे तिच्याभोवती फिरत असतात.

टीव्ही घेतला तेव्हाची गोष्ट. नानांचा असा सिद्धान्त होता, की छोट्या टीव्हीत मैदानाच्या कडा कापल्या जातात आणि आपला प्रांत नेमका कडेला असतो. तेव्हा मोठा टीव्ही घेतला की जास्त मैदान दिसणार. मला बरोबर घेऊन ते उल्हासनगर कॅम्पात मोटूशेठच्या दुकानी गेले. मोटूशेठ नावाला जागणारा माणूस आहे. तो काउंटरमागून बाहेर येतो तेव्हा काउंटर थोडा सरकतो.

"शेठ, ह्याच्यात मैदान किती दिसतं?"

"साईं, पूरा."

"पूरा म्हंजे? दोन्ही गोल एका टायमाला दिसतात का?"

मोटूशेठने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. उल्हासनगरच्या व्यापाऱ्याने आयुष्यात गिऱ्हाइकाला 'नाही' म्हटलेलं नाही. "दिखेगा साईं, आप बोलोगे तो स्टेशन भी दिखेगा."

आला टीव्ही. भिंत कमी पडली म्हणून शोकेस काढावी लागली. पहिली मॅच लागली. नानांनी चष्मा पुसला, पुढे गेले, मागे आले, आणि दुसऱ्या दिवशी टेम्पोत टीव्ही घालून पुन्हा मोटूशेठच्या दारात.

"शेठ, मैदान तेवढंच हाय. फकस्त साबन मोटा झाला."

"साईं," मोटूशेठ हात जोडून म्हणाला, "टीवी मैं बेचता हूँ. कॅमेरा तो दिल्लीवाला पकडता है ना!"

हे वाक्य नानांना इतकं पटलं की त्यांनी टीव्ही परत घरी आणला आणि मोटूशेठला मित्र मानलं. आपलं दुःख शंभर टक्के समजलेला हा पहिला माणूस, असं ते म्हणत. त्यानंतर दर मोठ्या मॅचला मोटूशेठ दाल-पकवान घेऊन हजर. पकवानांचे तुकडे अर्थातच प्रांतवार.

शेवटी खिडकीतल्या समालोचनाला कंटाळून देशपांड्यांनी तोडगा काढला. "नाना, तुमचा टीव्ही सोसायटीच्या हॉलमध्ये लावा. ज्यांना ऐकायचंय ते तिथे येतील." तोडगा उत्तमच होता. फक्त हॉलमध्ये गणपतीचा माईक आणि दोन कर्णे आहेत हे देशपांडे विसरले.

माईक हातात आल्यावर नानांच्या न्यायबुद्धीला पंख फुटले. महाराष्ट्राच्या खेळाडूकडे चेंडू आला की ते त्याचं घराणं सांगत. नसलं तर रचत. ज्या मॅचमध्ये महाराष्ट्राचा एकही खेळाडू नाही तिथेही ते कोणाला उपाशी ठेवत नसत. "अंपायरची शिट्टी पाहा, रसिकहो, या शिट्टीतला दाणा बदलापूरच्या मातीतला असावा, इतका खणखणीत!" एकदा परदेशी संघाच्या मॅचमध्ये मैदानावर पाणी मारणाऱ्या माणसाला त्यांनी कर्जतचा ठरवलं आणि पूर्ण वेळ त्याचंच कौतुक केलं. टाळ्या पडल्या. हॉल भरायला लागला. लोक हॉकी बघायला येत नसत, नाना बघायला येत.

आता हर्षदाचं सांगतो. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

हर्षदा नानांची नात. मुलगा-सून कुळगावात राहतात, दोघांच्या नोकऱ्या, त्यामुळे पोर नाना-काकूंकडे वाढली. तिला गोलकीपर केली ती नानांनी. आमच्या पार्किंगमधले दोन खांब हा गोल. नाना फटके मारायचे आणि ही बया अडवायची. जे तिने अडवले नाहीत ते गाड्यांच्या दिव्यांनी अडवले. पॅडला पैसे कशाला घालवा, म्हणून नानांनी घरचा सोफा उसवला आणि त्यातल्या फोमचे पॅड शिवले. "आमचा सोफा महाराष्ट्राकडनं खेललाय," असं काकू आल्यागेल्याला सांगतात, चटईवर बसवून.

पोर हुशार निघाली. पण पार्किंगमध्ये किती दिवस खेळणार? हॉकीला लागतं ते नकली गवताचं मैदान, टर्फ, आपल्या भागात नाही. भोपाळच्या एका अकादमीत तिची निवड झाली. टर्फ, हॉस्टेल, खाणं, शिकणं, सगळं तिथे. मात्र तिथे राहायचं तर मध्य प्रदेशाकडून खेळायचं.

नानांच्या घरात जणू फाळणी झाली. हर्षदा विचारायला आली तेव्हा मी तिथेच होतो, साखर मागायला गेलो होतो, आणि साखर मिळाल्यावरही निघालो नव्हतो.

"नाना, जाऊ का?"

नाना खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. "प्रांत सोडून?"

"इथे कुठे खेळू? मारुती कारच्या पाठी?"

"प्रांत सोडलास तर मला फोन करू नको."

म्हाताऱ्याने रागात टाकलेलं वाक्य. दुसऱ्या कोणी वरचेवर झेललं नसतं. पण ही गोलकीपर. अंगावर आलेलं सोडायचं नाही ही शिकवण नानांचीच. ती गेली आणि तिने नानांना खरंच कधी फोन केला नाही.

ती काकूंना करायची. रविवारी सकाळी, नाना दूध आणायला गेले की. काकूंना वाटायचं नानांना पत्ता नाही. मला पत्ता होता, कारण मी रविवारी पेपर घ्यायला खाली असतो. नाना दुधाची पिशवी घ्यायचे आणि डेअरीच्या समोर फेऱ्या मारत राहायचे. मी विचारलं, "नाना, घरी नाही जायचं?" तर म्हणाले, "जाऊ की. बायकांचं बोलनं होऊ दे." उन्हात पिशवी हातात झुलत राहायची. त्या काळात त्यांच्या घरी दर रविवारी पनीर असे.

सोसायटीतली माणसं टोमणे मारायला कमी नाहीत. "काय नाना, नात शेवटी फितूर झाली!" त्यावर नाना छाती काढून म्हणत, "नात नात हाय, प्रांत प्रांत हाय. समोर आली तर तिला पन सोडनार नाय."

आणि ती समोर आली.

मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्य फेरी, महाराष्ट्र विरुद्ध मध्य प्रदेश, राष्ट्रीय वाहिनीवर, रविवारी दुपारी. सोसायटीत ही बातमी पाण्याचा टँकर आल्यासारखी पसरली. हर्षदा गोलमध्ये उभी राहणार हे काकूंनी आधीच फोडलं होतं. नाना काय करणार? महाराष्ट्राची बाजू घेणार की नातीची? तोंडभर न्याय सांगणारा माणूस आता त्याच्या माईकसकट सापडला होता. दुपारी जेवणं उरकून दोन्ही विंगा हॉलमध्ये. मोटूशेठ दुकान बंद करून आला, आणि उल्हासनगरात रविवारी दुकान बंद करणं म्हणजे काय ते उल्हासनगरवालेच जाणोत.

नाना इस्त्रीचा शर्ट घालून आले. टीव्ही मुका केला. माईक घेतला.

"रसिकहो, आज या ठिकाणी सर्व प्रांतांना समान न्याय मिळेल."

"नातीला पण?" मागून कोणीतरी.

"ती आज आमची कोनी नाय," नाना म्हणाले. माईकवर त्यांची भाषा घसरलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

सुरुवातीला ठीक चाललं. महाराष्ट्राच्या पोरींची घराणी, त्यांच्या गावची दैवतं, सगळं रीतसर. मध्य प्रदेशाच्या पोरींनाही एकेक ओळ. पण खेळ सगळा एकाच बाजूला. मध्य प्रदेश चढाई करतोय, महाराष्ट्र अडवतोय. चेंडू सतत आपल्या गोलपाशी, म्हणून कॅमेराही तिथेच. दुसऱ्या टोकाला जी पोर उभी होती ती पडद्यावर नव्हतीच.

नानांच्या फेऱ्या वाढल्या. टीव्हीच्या डाव्या कडेला जाऊन ते मान वाकडी करून बघायचे, जसं काही कडेच्या मागे डोकावता येतं. काकू तांदूळ आणायला विसरल्या होत्या. नुसती मांडीवरची परात धरून बसल्या होत्या.

तिसऱ्या सत्रात एकदाच महाराष्ट्राला पेनल्टी कॉर्नर मिळाला. कॅमेरा अखेर तिकडे वळला. फटका बसला, गोलमधली ती निळी आकृती आडवी झेपावली, चेंडू पॅडवर आपटून बाहेर. काय अडवला हो! आणि कॅमेऱ्याने काय दाखवावं? फटका मारणारी डोक्याला हात लावतेय, ते. मग तिचा कोच. मग प्रेक्षकांतला एक टोपीवाला. मग साबण.

"तोंड दाखवा!" नाना कर्ण्यांतून गरजले. हॉलच्या काचा थरथरल्या. "अरे, त्या पोरीचं तोंड दाखवा!"

मोटूशेठच्या हातातला पकवान तसाच राहिला. "दिखाएँगे साईं, दिखाएँगे," तो पुटपुटला.

नाही दाखवलं. शेवटचं सत्र सुरू झालं आणि खेळ पुन्हा आपल्या गोलकडे. पडद्यावर सोळा-सतरा पोरी एका चेंडूमागे. नाना टीव्हीकडे पाठ करून उभे राहिले. म्हणजे बघा, समालोचक टीव्हीकडे पाठ करून! त्यांनी समोरच्या रिकाम्या भिंतीकडे पाहिलं आणि हळू आवाजात सुरू केलं.

"हिकडं ती एकटी उभी हाय. बॉल लांब हाय. आता ती वाकली. डाव्या पॅडचा पट्टा आवलते. आधी डावा, मंग उजवा. उजवा आधी आवलला तर तिला चुकल्यासारखं वाटतं. आता दोन्ही खांबांना काठी लावून आली. खांब जाग्यावर हायेत का बघते. ल्हानपनापासनं बघते."

हॉलमधल्या काही माना भिंतीकडे वळल्या.

"आता पानी प्यायली. हेल्मेट वर केलंय, कपालाला घाम हाय. तिच्या मागं कोन नाय. पार्किंगात पन तिला मागच्या अंधाराची भीती वाटायची. म्हनायची, नाना, तुमी बोलत ऱ्हावा, म्हंजे कलतं कोनतरी हाय. बोलतोय गो. मी बोलतोय."

तेवढ्यात पडद्यावर पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मध्य प्रदेशाने गोल मारला होता.

"नाना!" देशपांडे ओरडले. "गोल झाला! आपल्यावर गोल झाला!"

"झाला असंल," नाना भिंतीकडेच बघत म्हणाले. "हिकडं ती उड्या मारते. एकटीच. बाकीच्या सगल्या लांब हायेत ना. टाली द्यायला जवल कोन नाय तिच्या."

मॅच संपेपर्यंत ते तिकडेच होते. तिकडे म्हणजे कुठे, तर ज्या अर्ध्या मैदानात कॅमेरा गेला नाही तिथे. महाराष्ट्र हरला. एरवी अशा वेळी आमच्याकडे राष्ट्रीय वाहिनी, कोच, निवड समिती आणि देशपांडे या सगळ्यांचा उद्धार होतो. त्या दिवशी कोणी 'प्रांत' हा शब्द उच्चारला नाही. कोणीतरी उठून माईकचं बटण बंद केलं, नानांच्या ते लक्षातही आलं नाही.

लोक पांगले. काकूंनी आपल्या फोनवरून हर्षदाला फोन लावला, वाजतोय तोवर तो नानांच्या हातात कोंबला आणि परात घेऊन वर निघून गेल्या. नाना फोन घेऊन पार्किंगमध्ये उतरले. मला गाडीत काहीतरी विसरल्याचं आठवलं. गाडी माझी नव्हती, पण शेजारधर्म म्हणून जवळ असावं माणसाने.

नानांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांनी काकूंचा फोन स्पीकरवर टाकला. ते फोन माईकसारखा तोंडासमोर धरून खांबांच्या मधून फेऱ्या मारायला लागले.

"हां आजी, बोल!" पलीकडे गलका, पोरींचा आरडाओरडा.

नानांची आणखी एक फेरी.

"आजी?"

"जेवलीस का?" नाना म्हणाले.

पलीकडचा गलका लांब गेला, ती बाजूला आली असावी. "नाना, आत्ता तर मॅच संपली."

"हां. बरोबर. आता संपली." दोन फेऱ्या झाल्या. "पट्टा सैल नाय ना झाला?"

"नाही झाला." मग ती लहानपणी विचारायची तशी, घाईघाईने म्हणाली, "नाना, तुम्ही बघितली ना? मी दिसले का टीव्हीवर? इथे सगळ्या म्हणतात, गोलकीपरला कोण दाखवतंय. दिसले का मी?"

नाना थांबले. फोन हातात आल्यापासून पहिल्यांदा ते एका जागी थांबले.

"दिसलीस म्हंजे?" ते म्हणाले. "पूर्न मॅच तूच दिसत होतीस गो. कॅमेरा तुज्यावरनं हललाच नाय. चांगली मानसं हायेत ती टीव्हीवाली. सगल्यांना सारखं दाखवतात."